बाहेरून दोन, आतून एक

मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये गाडीचा पत्रा दोघं मिळून बसवत. मिस्त्री बाहेर हातोडी घेऊन, आणि त्यांची मुलगी गाडीच्या आत अंग चोरून, पोच्याच्या पाठीमागे लोखंडी ठोकळा दाबून. पोचा म्हणजे धडक बसली की पत्र्याला जो खड्डा पडतो तो. बाहेरून हातोडी पडायची, आतून ठोकळा तिला टेका द्यायचा, आणि दोघांच्या कचाट्यात सापडलेला पत्रा रुसवा सोडून मुकाट आपल्या जागी जाऊन बसायचा.

मध्ये पत्रा असल्यामुळे बापलेकींना एकमेकांचे चेहरे दिसत नसत. म्हणून मिस्त्रींनी एक पद्धत घालून दिली होती. हातोडी मारण्याआधी बोटाच्या पेराने पत्र्यावर दोनदा टकटक करायचं. म्हणजे, ‘मारू का?’ आतून एकदा टक असं उत्तर यायचं. म्हणजे, ‘मारा.’ उत्तर आलं नाही, तर आभाळ कोसळलं तरी हातोडी हलवायची नाही. मुलगी शाळेतून येऊन दप्तर टाकून गाडीत शिरायची, तेव्हापासूनची ही पद्धत. तिची इवली बोटं चेंगरू नयेत म्हणून सुरू केलेली. पुढे बोटं मोठी झाली, पद्धत तशीच राहिली.

त्या वयात ती त्या लोखंडी ठोकळ्यासारखीच घट्टमुट्ट होती. मिस्त्री तिला लाडाने ठोकळी म्हणू लागले. आता ती बापाच्या कानापर्यंत येईल एवढी उंच आणि शिडशिडीत झाली होती, तंत्रशाळेचा कोर्स पहिल्या वर्गात पुरा करून बसली होती, तरी घरात आणि गॅरेजात ती ठोकळीच.

गॅरेजचं नाव होतं ते एका गोष्टीसाठी. आजूबाजूचे लोक पोच्यात लांबी भरत. लांबी म्हणजे राखाडी लुकण. ते थापायचं, घासायचं, वर रंग मारायचा, की गाडी नवी कोरी. वर्षभराने लुकण तडकतं आणि खालचा पोचा पुन्हा दात दाखवतो. मिस्त्रींकडे हा प्रकार नव्हता. पत्रा उठवायचा तो पत्र्यानेच, आणि काम झालं की तपासायचा तो डोळ्यांनी नाही, तळहाताने. डोळे मिटून हात फिरवायचा. डोळ्यांना रंग फसवतो, तळहाताला कोणी फसवत नाही, असं ते म्हणत.

गिऱ्हाईक गाडी न्यायला आलं की हात फिरवून खूश व्हायचं आणि विचारायचं, “मिस्त्री, कुणाचा हात हा?”

“माझाच,” मिस्त्री म्हणायचे. “आपल्याकडे गाडीला दुसरं कोणी हात लावत नाही.”

खरं तर गेली काही वर्षं दारं आणि मडगार्डं ठोकळीच करत होती. बाहेरची हातोडीही तिची आणि आतला ठोकळाही तिचाच. मिस्त्रींचा खांदा धरू लागल्यापासून छपराचं अवघड काम तेवढं दोघं मिळून करत. पण गॅरेज नवीन असताना एकदा ठोकळी गालावर काळे ओघळ घेऊन गाडीतून बाहेर आली होती, आणि गाडीच्या मालकाने “पोरीच्या हातात दिलीत होय माझी गाडी?” असं म्हणून किल्ली उचलली होती. तेव्हापासून गिऱ्हाईक आलं की ठोकळी मागच्या शेडमध्ये जायची आणि मिस्त्री पुढे होऊन ‘माझाच’ म्हणायचे. धंदा आहे, असं चालायचंच. सुरुवातीला या गोष्टीवर दोघं मिळून हसत. ठोकळीचं हसणं मधेच कधीतरी थांबलं होतं. मिस्त्रींच्या ते ध्यानात आलं नव्हतं.

एके दिवशी जेवताना ठोकळी म्हणाली, “बाबा, परदेशात एक देश आहे, त्यांना कुठल्या कामाची माणसं कमी पडतात त्याची यादी ते दर वर्षी लावतात. डॉक्टर आहेत, नर्स आहेत, गवंडी आहेत. आणि पत्र्याचं काम करणारे आहेत.”

“पत्र्याचं?” मिस्त्रींचा घास हातातच राहिला. “म्हणजे आपलं? डॉक्टरांच्या बरोबरीने?”

“एकाच पानावर.”

“बघ,” मिस्त्री बायकोकडे वळून म्हणाले. “एकाच पानावर.”

“बघितलं,” आई म्हणाली. “आता तो घास खा.”

त्या दिवशी मामा जेवायला होता. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. जगातली कुठलीही गोष्ट याला आधीच ठाऊक असायची. तो म्हणाला, “एवढं यादीबिदी कशाला वाचत बसतेस? पर्यटक म्हणून जा. उतरलीस की माझ्या ओळखीचा एक गॅरेजवाला आहे तिथे. मागच्या शेडमध्ये काम, तिथेच मागे एक खोली. कोणी विचारत नाही, कोणी बघत नाही.”

“मामा,” ठोकळी शांतपणे म्हणाली, “मागच्या शेडमध्ये तर मी इथेही आहे. त्यासाठी विमानात कशाला बसू?”

मिस्त्रींना ठसका लागला. आईने पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि नवऱ्याकडे बघितलं नाही.

मग ठोकळीने सगळं नीट उलगडून सांगितलं. दुसऱ्या देशात राहायला जायचं तर त्याला सरळ दारं असतात, आणि ती मोजकी असतात. कोणी शिकायला जातं. कोणाचं माणूस आधीच तिथे असतं, नवरा, बायको किंवा आईबाप, ते बोलावून घेतं. कोणाच्या जिवावर बेतलेलं असतं, ते आसरा मागतात. आणि कोणी आपल्या कामावर जातं.

“नवऱ्याचं दार काही वाईट नाही,” मामा म्हणाला. “एक स्थळ आहे माझ्या बघण्यात...”

“तू भात घे,” आई म्हणाली.

“माझं दार कामाचं,” ठोकळी म्हणाली. “आधी त्यांचं एक मंडळ बघणार, हिला काम खरंच येतं का. शिक्षणाचा दाखला आणि केलेल्या कामाचा अनुभव, दोन्ही. मग भाषेची परीक्षा. मग तिथला कोणी मालक नोकरी देणार, त्यावर कामाचा परवाना. काही वर्षं नीट काम केलं, कर भरला, की कायमचं राहण्यासाठी अर्ज करता येतो. वेळ लागतो, बाबा. पण प्रत्येक पायरीवर आपलं नाव असतं.”

मिस्त्री विचार करत होते. समजल्याशिवाय मान डोलावणारा माणूस नव्हता तो. शेवटी म्हणाले, “म्हणजे गाडीसारखंच की. आधी गाडी धड आहे का बघणार, मग नंबर देणार, मग रस्त्यावर सोडणार.”

“अगदी तसंच.”

“आणि हा म्हणतोय ती बिननंबरची गाडी. कितीही चकचकीत असली तरी पोलिस दिसला की गल्लीत वळायचं.” ते मेव्हण्याकडे वळले. “लांबी भरून रंग मारायचा सल्ला तू माझ्या घरात देतोस? माझ्या?”

मामाने मुकाट्याने भात घेतला.

परदेशी जाण्याचे अर्ज करून देणाऱ्या एका परवानाधारक सल्लागार बाईंच्या ऑफिसात बापलेक दोघं गेले. खोली लहान होती, खुर्च्या मऊ होत्या आणि मिस्त्री आपल्या पँटचे डाग लागतील म्हणून टोकावर बसले होते. बाईंनी दाखले पाहिले, तंत्रशाळेचे गुण पाहिले, आणि म्हणाल्या, “सगळं चांगलं आहे. एकच गोष्ट. हिचा सगळा अनुभव वडिलांच्या गॅरेजमधला. बापाने लेकीला दिलेलं प्रमाणपत्र म्हटलं की मंडळ जरा जास्तच खोदून विचारतं. तुम्हाला फोन येईल. खरं ते सांगा, एवढंच.”

“त्यात काय मोठंसं,” मिस्त्री म्हणाले. “खरंच सांगणार.”

घरी येताना त्यांनी ठोकळीकडून त्या परक्या भाषेतलं एक वाक्य शिकून पाठ केलं. ‘माझी मुलगी पत्र्याचं काम उत्तम करते.’ ते वाक्य त्यांनी कागदावर देवनागरीत लिहून हातोड्यांच्या फळीवर चिकटवलं. काम करताना मोठ्याने म्हणायचे. अंघोळीला म्हणायचे. चहा गाळणाऱ्या आईला म्हणून दाखवायचे. आई म्हणायची, “मला कळलं हो. आता त्यांना सांगा.”

मिस्त्रींनी मनाशी पक्कं धरलं होतं, फोन परदेशातून येणार, लांबलचक नंबर दिसणार आणि पलीकडून साहेब परक्या भाषेत बोलणार. फोन आला तो इथल्याच नंबरवरून. बोलत होती एक बाई, आपल्याच भाषेत, अगदी अदबीने. रंगाचा पंप घरघरत होता, मिस्त्री एका बॉनेटवर ओणवे होते, फोन कानाला आणि खांद्याला चिमटलेला.

“गॅरेजचे मालक का? मी मंडळाकडून बोलतेय. तुमच्याकडे पत्र्याचं काम कोण करतं, याची जरा माहिती हवी होती.”

असे फोन विम्याच्या ऑफिसातून आठवड्याला येत. कुठलं मंडळ, कुठली कंपनी, मिस्त्रींनी कधीच लक्ष दिलं नव्हतं. त्यांचं उत्तर तयारच असे. “बाई, निर्धास्त राहा. आपल्याकडे गाडीला मीच हात लावतो. दुसरं कोणी नाही.”

“आणि तुमची मुलगी? तीही काम करते ना?”

मिस्त्री एकदम सावध झाले. कोणीतरी चहाडी केली वाटतं! मागच्या शेडमध्ये कोणीतरी डोकावलं असणार. “मुलगी? छे! ती आपली आत बसून ठोकळा धरते, बस्स. हातोडी माझी. तिच्या हातात हातोडी दिली, तर माझ्या दारात गिऱ्हाईक उभं राहील का?”

“बरं,” बाई म्हणाली. “एवढंच हवं होतं. आभारी आहे.”

मिस्त्रींनी समाधानाने फोन खिशात टाकला, फळीवरच्या कागदाकडे पाहिलं आणि पाठ केलेलं वाक्य आणखी एकदा म्हटलं.

चार वाजता चहा पिताना त्यांनी सहज सांगितलं, “आज एका बाईचा फोन होता. विमावाल्या असतील. तुझ्याबद्दलसुद्धा विचारत होती गं, काय पण चौकशा. मी सगळं नीट मिटवलं.”

ठोकळीने कप खाली ठेवला. “कुठून बोलत होती?”

“म्हणाली काहीतरी. मंडळ...” आणि तो शब्द उच्चारता उच्चारता मिस्त्री थांबले.

“बाबा, काय सांगितलंत?”

“नेहमीचंच,” मिस्त्री म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच ऐकू आला नाही.

ठोकळी उठली. दुरुस्तीला आलेल्या एका गाडीत जाऊन बसली आणि दार ओढून घेतलं. मिस्त्री तिच्या मागोमाग गेले. काच बंद होती. काय बोलावं ते सुचेना, तेव्हा त्यांनी पेराने दारावर दोनदा टकटक केलं.

आतून उत्तर आलं नाही.

नियम त्यांनीच घालून दिला होता. ते हात खाली सोडून तसेच उभे राहिले. बऱ्याच वेळाने काच जराशी खाली आली.

“मी त्या बाईला आत्ता फोन करतो,” मिस्त्री म्हणाले. “सांगतो, खोटं बोललो म्हणून.”

“बाबा, तुम्ही आज काही वेगळं बोलला नाहीत,” ठोकळी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, त्यामुळे मिस्त्रींना ते जास्तच लागलं. “रोज जे सांगता, तेच सांगितलंत. आज फक्त कोणीतरी ते लिहून घेतलं.”

मिस्त्रींनी फोन केला. एकदा नाही, चारदा. बाई चिडली नाही, पण तिचं म्हणणं एकच. “तुमचं आधीचं बोलणं नोंदवलं गेलंय. आता तुम्ही म्हणाल, ती उत्तम काम करते. पण तुम्ही वडील आहात. वडिलांनी केलेलं कौतुक हा पुरावा धरत नाहीत.”

“वा! मग मी नाकारलं तो कसा पुरावा धरलात?” मिस्त्री उसळले.

बाई म्हणाली, “वडील सहसा नाकारत नाहीत, म्हणून.”

मग तीच पुढे म्हणाली, “तिला कामाची प्रत्यक्ष परीक्षा मागता येते. आमच्या इथल्या कार्यशाळेत, परीक्षकांसमोर, एकटीने. पास झाली तर अनुभव मान्य करतात. नापास झाली तर अर्ज तिथेच संपतो. विचार करून कळवा.”

विचार करायला ठोकळीने रात्रसुद्धा घेतली नाही. “मागते,” म्हणाली. “कोणाच्या शब्दापेक्षा पत्रा बोललेला बरा.”

दुसऱ्या दिवसापासून गॅरेजमध्ये दोन गोष्टी बदलल्या. पहिली, गिऱ्हाईक आलं आणि ‘कुणाचा हात’ विचारलं की मिस्त्री म्हणू लागले, “माझ्या मुलीचा.” तोंडाला सवय नव्हती, पहिल्या दिवशी दोनदा अडखळले. एक जुनं गिऱ्हाईक ते ऐकून तोंडदेखलं हसलं आणि काम व्हायच्या आधीच गाडी घेऊन गेलं. मिस्त्री फाटकापर्यंत सोडायला गेले आणि परत येऊन हातोडी उचलून कामाला लागले. ठोकळीने ते शेडमधून पाहिलं होतं. त्या दिवसापासून ती शेडमध्ये जाईनाशी झाली.

दुसरी गोष्ट जास्त कठीण होती. ठोकळीला एकटीने सराव करायचा होता आणि मिस्त्रींना गप्प बसायचं होतं. एक मोडकं दार चौकटीला टांगून ती एका हाताने आतून ठोकळा धरायची आणि दुसऱ्या हाताने बाहेरून हातोडी चालवायची. काम तिचं नेहमीचं होतं. खोट होती ती एकच. बाप शेजारी उभा असला, की मारण्याआधी तिचं बोट आपोआप पत्र्यावर जायचं, दोनदा टकटक व्हायची, आणि ती थांबायची. मिस्त्रींचंही बोट आपोआप उठायचं आणि टक करायचं.

“अहो!” आई ओरडायची. “परीक्षेला तुम्ही जाणार आहात का तिच्याबरोबर आत?”

“चुकून झालं.”

“चुकून चुकूनच इथपर्यंत आलोय आपण. हात खिशात घाला.”

मिस्त्री हात खिशात घालून फेऱ्या मारायचे. बायकोने एकदा त्यांना सरळ भाजी आणायला पिटाळलं. ते भाजी न आणताच परत आले, कारण कोपऱ्यापर्यंत हातोडीचा आवाज येत होता आणि तो ऐकत ते तिथेच उभे राहिले होते.

परीक्षेच्या दिवशी तिघंही गेले. मंडळाची कार्यशाळा म्हणजे एक लांबलचक पत्र्याची शेड. मधे पत्र्याचीच भिंत. भिंतीच्या आत परीक्षा आणि बाहेर नातेवाइकांसाठी बाकडं. दारावरच्या माणसाने आधीच बजावलं, “बाहेरून आत काही सांगायचं नाही, खाणाखुणा नाहीत, आवाज नाही. तसं झालं तर परीक्षा रद्द.”

बाकडं भिंतीला टेकूनच होतं. मिस्त्री भिंतीकडे कान करून बसले. आत परीक्षकाचा आवाज आला. काम सांगितलं गेलं. धडक बसलेलं एक दार, लुकण न वापरता मूळ आकारात आणायचं.

मग काहीच ऐकू येईना.

“आता काय करतेय?” आई कुजबुजली.

“हात फिरवतेय.”

“तुम्हाला काय दिसतंय?”

“दिसत नाही. पण आवाज नाही, म्हणजे हातच फिरवतेय. घाई करणारा असता तर एव्हाना दणादण सुरू झाला असता.”

आणि मग, अगदी स्पष्ट, पत्र्यावर पेराचा आवाज आला. टकटक. दोनदा.

पुढे शांतता.

मिस्त्रींचा उजवा हात उठला. समोर पत्र्याची भिंत होती, वीतभर अंतरावर. एक टक केलं असतं तर ते आत नक्की पोचलं असतं. आत मुलगी हातोडी वर धरून उभी होती, आणि ती कशाची वाट बघतेय हे या सगळ्या जगात त्या एका माणसाला ठाऊक होतं. उत्तर दिलं तर परीक्षा रद्द. उत्तर दिलं नाही तर... मिस्त्रींनी आपल्या हाताकडे पाहिलं. या हाताने सांगितल्याशिवाय ती पोर आजवर काही करत नव्हती असं थोडंच होतं! दारं तिने केली, मडगार्डं तिने केली. हा हात फक्त गिऱ्हाइकापुढे छातीवर ठेवून ‘माझाच’ म्हणायला पुढे होत होता.

त्यांनी तो हात खाली घेतला, मांडीखाली सरकवला आणि त्याच्यावर बसले.

आत परीक्षकाच्या बुटांचा आवाज आला. “का थांबलात?” त्याने विचारलं.

दुसऱ्या क्षणी एक आवाज आला. टक. एकदाच. तो बाहेरच्या अंगाचा नव्हता. पत्र्याच्या आतल्या अंगाने आलेला आवाज जरा जाड असतो, मिस्त्रींना तो फरक झोपेतही कळला असता.

त्या पाठोपाठ हातोडी पडू लागली.

“सुरू झालं?” आईने विचारलं.

मिस्त्रींनी नुसती मान हलवली. ते ऐकत होते. पोच्यावर पडणारी हातोडी आधी भद्द बोलते. तिने कडेपासून सुरुवात केली होती, मधल्या खड्ड्याला हातही लावला नव्हता. बरोबर. कडेची घडी सुटली की मधलं आपोआप सैल होतं. हळूहळू भद्द कमी होत गेलं आणि पत्रा मोकळ्या गळ्याने बोलू लागला. मधे एकदा ती थांबली आणि ठोकळ्याची दुसरी बाजू फिरवून घेतली. मिस्त्रींनी स्वतः तीच बाजू घेतली असती. पण पुढे एका ठिकाणी ते दोन घाव जास्त मारणार होते, तिथे ती थांबली. मिस्त्रींच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी कान भिंतीला आणखी चिकटवला, शेजारचे ठोके मनात पुन्हा वाजवून पाहिले, आणि आठी गेली. तिचं बरोबर होतं. ते दोन घाव मारले असते तर पत्रा ताणला गेला असता.

“अगं,” ते बायकोला म्हणाले, “ही माझ्यापेक्षा कमी मारते.”

“म्हणजे चांगलं की वाईट?”

“म्हणजे,” मिस्त्री म्हणाले, “माझ्यापेक्षा चांगली आहे.”

दार उघडलं तेव्हा ठोकळीच्या गालावर काळे ओघळ होते. तिच्यामागून परीक्षक आले, हाताला लागलेली धूळ झटकत. हात फिरवून तपासणारा माणूस होता तोही, हे मिस्त्रींनी त्या तळव्यावरूनच ओळखलं.

“काम मान्य आहे,” परीक्षक म्हणाले. “लेखी कळवूच. पण एक सांगा, ते दोनदा टकटक आणि मग आतून एकदा, ते कशासाठी?”

“आमच्या गॅरेजची पद्धत आहे,” ठोकळी म्हणाली. “मारायच्या आधी आतल्या माणसाला विचारायचं.”

“पण आत तर कोणी नव्हतं.”

“होतं की. माझाच डावा हात होता.”

परीक्षक हसले. मग त्यांची नजर बाकड्याकडे गेली. “तुम्हीच का ते मालक? फोनवर म्हणाला होतात, मुलगी फक्त ठोकळा धरते.”

मिस्त्री उभे राहिले. मांडीखालचा हात पार बधिर झाला होता. “धरतेच की, साहेब,” ते म्हणाले. “ठोकळा तीच धरते आणि हातोडीही तीच मारते. इतकी वर्षं मी नुसतं तोंड चालवलं.”

पुढची दारं एकेक करून उघडत गेली. कुठे वेळ लागला, कुठे एक कागद कमी पडला, भाषेच्या परीक्षेत बोलण्याचा भाग दुसऱ्यांदा द्यावा लागला. मामाने अधूनमधून “पर्यटक म्हणून गेली असती तर एव्हाना...” असं म्हणून पाहिलं, आणि प्रत्येक वेळी आईने त्याला वाढून घ्यायला सांगितलं. तिकडच्या एका गॅरेजच्या मालकिणीने ठोकळीशी पडद्यावर तासभर गप्पा मारल्या आणि नोकरी दिली. शेवटी परवाना आला. सल्लागार बाईंनी तो छापून हातात ठेवला. त्यावर ठोकळीचं पूर्ण नाव होतं आणि नावाखाली तिचं काम लिहिलं होतं. मिस्त्रींनी डोळे मिटून त्या कागदावरून तळहात फिरवला, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

“काय हो, कुठे पोचाबिचा?” आईने विचारलं.

“कुठेच नाही,” मिस्त्री म्हणाले.

ठोकळी निघायच्या आधीच्या आठवड्यात एक नवं गिऱ्हाईक गाडी न्यायला आलं. गाडीचं डावं दार आत गेलेलं होतं, ते तिने बसवलं होतं. गिऱ्हाइकाने वाकून बघितलं, मागे सरून बघितलं, उन्हाकडे तोंड करून बघितलं.

“मिस्त्री, मानलं तुम्हाला. तुमचाच हात ना हा?”

मिस्त्रींनी गाडीच्या दारावर पेराने दोनदा टकटक केलं. आतून एकदा टक असं उत्तर आलं. मग दार उघडून ठोकळी बाहेर आली, हातात ठोकळा, गालावर काळे ओघळ. वाकून दाराचं आतलं कव्हर बसवत होती ती.

“हा हिचा हात,” मिस्त्री म्हणाले. “माझी मुलगी. बघायचं ते आत्ता बघून घ्या, डोळे मिटून, तळहाताने. पुढच्या आठवड्यापासून हा हात बघायला परदेशात जावं लागेल, आणि तिथे कोणालाही असं उठून जाता येत नाही. त्यांनी तपासून घेतलाय.”

गिऱ्हाइकाने ठोकळीकडे पाहिलं, मग दाराकडे. मिस्त्रींनी सांगितल्याप्रमाणे डोळे मिटले आणि तळहात हळूहळू दारावरून फिरवला. एकदा गेला, एकदा आला.

“पण नक्की कुठे होता हो पोचा?” त्याने विचारलं.

“मला काय विचारता?” मिस्त्री म्हणाले. “तिला विचारा.”